टिचकी समुद्राच्या तळाला

माठ विकत घेताना आपण त्याच्यावर टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर पक्का भाजलेला, बद्द वाजला तर कुठेतरी चीर. पण हाच माठ मैलोगणती पसरलेला असला, अर्धा चिखलाचा नि अर्धा वाळूचा असला, आणि वर सत्तर-ऐंशी मीटर पाणी असले, तर? समुद्राचा तळ कानाने ओळखू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे हेच कोडे आहे. मी मराठीचा मास्तर; या विषयात शिरलो तो आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांचे बोट धरून, आणि शिरल्यावर बाहेर यावेसे वाटेना.

पूर्वी खलाशी शिशाचे वजन दोरीने खाली सोडत. त्याच्या बुडाला चरबी लावलेली असे. तिला चिकटेल तो तळ. उपाय नामी, पण एका वेळी एकाच जागेचा. ध्वनी मात्र लांबवर जातो. 1826 साली कोलाडोन आणि स्टुर्म यांनी जिनीव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून त्याचा वेग मोजला, तो सेकंदाला 1,435 मीटर भरला. समुद्रात तो साधारण 1,500 असतो. वाळूत 1,650 च्या आसपास किंवा त्याहून अधिक. आणि मऊ चिखलात, गंमत पाहा, पाण्याहूनही किंचित कमी! त्यामुळे तिरपा आलेला ध्वनी वाळू परत वर फेकते, तर चिखल तो पोटात घेतो. पृष्ठभाग आणि तळ यांच्यामध्ये आपटत आपटत ध्वनी पुढे सरकतो, आणि प्रत्येक आपटीची खूण घेऊन दूरच्या हायड्रोफोनपाशी, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनपाशी, पोचतो.

मग सुरू होतो उलटा हिशेब. तळाची एक कल्पना करायची, त्यावरून आवाज कसा येईल ते गणिताने काढायचे, प्रत्यक्ष ऐकलेल्याशी ताडायचे. जमले नाही की कल्पना बदलायची. संगणक हे हजारो वेळा करतो. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून मूळ पाठाचा शोध घेतला, त्या कामाशी मला याचे जवळचे नाते वाटते. (प्राध्यापक महाशयांना ही उपमा पसंत नाही. असो.)

खरी पंचाईत पुढेच आहे. तळ सगळीकडे सारखा धरला तर गणित सोपे. पण तो सारखा असतो कुठे? आपल्याच पश्चिम किनाऱ्याचे घ्या. सुमारे 50 मीटर खोलीपर्यंत नद्यांनी आणलेला चिखल. त्यापलीकडे जुनी वाळू, समुद्राची पातळी आजच्याहून खाली होती त्या काळातली. चिखलात जागोजाग वायूचे बुडबुडे अडकलेले, ते ध्वनीला धड पुढे जाऊ देत नाहीत. अशा ठिकाणी एकच तळ गृहीत धरला तर संगणक इमानाने मधलाच काहीतरी तळ काढून देतो. तसा तळ त्या वाटेवर कोठेच नसतो! आणि आपण खोटे आहोत हे ते उत्तर स्वतःहून सांगत नाही.

म्हणून 2001 साली अमेरिकेतील गल्फपोर्ट येथे या मंडळींनी आपल्या पद्धतींचीच परीक्षा घेतली. कागदावरचे समुद्र रचले: एकात उतरत जाणारा तळ, एकात उथळ समुद्र संपून लागणारी कडा, एकात मध्येच तुटलेले थर. परीक्षार्थींच्या हाती फक्त आवाज, तळ झाकलेला. जन्मभर पेपर काढणाऱ्या माझ्यासारख्याला हे भावले नाही तरच नवल. एकंदरीत या विद्येत वरच्या थरातला वेग बऱ्यापैकी सापडतो. खोलवरचे थर आणि ध्वनी किती शोषला जातो हे निसटते. म्हणून आता उत्तराबरोबर शंकेचे मापही देण्याची रीत पडली आहे. आमच्या समीक्षकांनी ही उचलायला हरकत नाही.

पुढे 2017 च्या वसंतात मार्थाज व्हिनयार्ड बेटाच्या दक्षिणेला, ‘न्यू इंग्लंड मड पॅच’ नावाच्या चिखलपट्ट्यात, मोठा प्रयोग झाला. वाळूवर पसरलेल्या चिखलाची जाडी तिथे जागोजाग बदलते. मुद्दाम केलेल्या आवाजांबरोबरच, जवळून जाणाऱ्या मालवाहू जहाजांचा गोंगाटही शास्त्रज्ञांनी कामी लावला.

ही नुसती हौस नव्हे. त्याच बेटाच्या दक्षिणेकडील समुद्रात पवनचक्क्यांसाठी पोलादी खांब तळात ठोकले गेले आहेत, आणि त्या पाण्यात राइट व्हेल देवमासे वावरतात. ही जात आता जेमतेम 400 च्या आत उरली आहे. घणाचा आवाज त्यांच्यापर्यंत किती पोचेल, हे मधल्या वाटेवर चिखल किती आणि वाळू किती, यावरही अवलंबून आहे.