दवा की नशा?

माझ्या थोरल्या बहिणीची, आपाची, केमोथेरपी चालू होती तेव्हाची गोष्ट. ओकाऱ्यांनी ती अर्धी झाली होती. तिच्या मुलानं कुठूनशी एका तेलाची बाटली आणली. 'गांजाच्या झाडाचं आहे, कॅन्सर मुळापासून जातो,' असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. घरातला शिकलेला म्हणून बाटली माझ्या हाती आली. शिक्षण बी.ए., नाद कवितेचा! आपानं विचारलं, 'अरे, ये दवा है या नशा?' नशा हराम, एवढं तिला पक्कं ठाऊक. मला मात्र उत्तर सुचेना.

हा प्रश्न जुना आहे. १८३९ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या ओशॉनेसी नावाच्या आयरिश डॉक्टरनं तोच विचारला होता. त्यानं पंडितांना विचारलं, हकिमांनाही विचारलं. आधी जनावरांवर आणि मग धनुर्वाताच्या, संधिवाताच्या, आकडीच्या रुग्णांवर गांजाचा अर्क मोजून वापरला. कुत्रं पिसाळून चावलेल्या एका हकिमाला तो वाचवू शकला नाही, पण त्याचे हाल कमी झाले. डॉक्टरनं दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या. पुढं हा अर्क इंग्लंड-अमेरिकेच्या औषधांच्या दुकानांत गेला. अडचण एकच होती. एका बाटलीचा गुण दुसरीला नसे. झाडातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य, टीएचसी, इस्रायलमध्ये वेगळं काढलं गेलं ते थेट १९६४ साली.

दरम्यान १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारनं आयोग नेमला. गांजानं वेड्यांची इस्पितळं भरतात का, हा एक मोठा प्रश्न होता. आयोगानं १,१९३ साक्षी घेतल्या, इस्पितळांची दप्तरं तपासली. तेव्हा दिसलं की, 'कारण गांजा' ही नोंद पुष्कळदा नीट चौकशी न करताच झालेली होती. बेताच्या सेवनानं फारसा अपाय नाही, अतिसेवन घातक, म्हणून बंदी नको, परवाना आणि कर ठेवा, असा निष्कर्ष निघाला. सरकारला अबकारीचं उत्पन्न हवं होतं, हेही खरंच.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानं मात्र गांजा हेरॉईनच्या पंक्तीत बसवला. आपला अमली पदार्थांचा कायदा आला १९८५ मध्ये. त्यानं गांजा आणि चरस रोखले. नुसती पानं, म्हणजे भांग, त्या व्याख्येबाहेर राहिली. औषधासाठी आणि संशोधनासाठी कायद्यात वाट आहे, पण कागदावरची वाट रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचतेच असं नाही. मॉर्फिनचं बघा. वेदनेवरचं हे औषध कायद्यानं चालत होतं, तरी परवान्यांच्या जाचापायी रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसं झालं. नियम सुटसुटीत करायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. तोवर किती जण कण्हत गेले असतील!

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषधी गांजाला मान्यता दिली, आणि जगभर वाद पेटला. अमेरिकेत केमोच्या ओकाऱ्यांवर टीएचसीची कॅप्सूल १९८५ पासून आहे. मुलांच्या दोन दुर्धर आकड्यांवर, नशा न आणणाऱ्या सीबीडीचं औषध २०१८ मध्ये मंजूर झालं. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा सर्वांत कडक यादीतून काढला. भारताचं मत बाजूनं होतं. विरोधकांची भीतीही पोकळ नाही. कोवळ्या वयात गांजा मनाचा तोल बिघडवू शकतो. थायलंडनं २०२२ मध्ये दार सताड उघडलं, गल्लोगल्ली दुकानं निघाली. अखेर २०२५ मध्ये डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची करावी लागली. आणि गांजानं माणसाचा कॅन्सर बरा होतो, याला पुरावा नाही.

मी बाटली आपाच्या डॉक्टरांकडे नेली. ते रागावले नाहीत. म्हणाले, 'यात काय आहे, किती आहे, ते वाचून दाखवा.' बाटलीवर तसं काहीच छापलेलं नव्हतं. त्यांनी ओकारीचं औषध बदलून दिलं. आपा दोन घास खाऊ लागली.

घरी येऊन मी तिला म्हटलं, 'आपा, झाडात दवाही आहे आणि नशाही. पण या बाटलीत काय आहे, ते कुणालाच माहीत नाही.' हे माहीत करून देणं सरकारचं आणि शास्त्राचं काम आहे. ते होत नाही, तोवर आपासारखी माणसं विकणाऱ्याच्या शब्दावरच विसंबणार.