दीड लाख मतं घेऊन डिपॉझिट गेलेला माणूस : जालन्याच्या निकालाचं कोडं

मागच्या भागानंतर व्हॉइस नोटवर एकच प्रश्न आठ-दहा जणांनी विचारला. २०२४ ला जालन्यात रावसाहेब दानवे पडले, कल्याण काळे निवडून आले, इथपर्यंत समजलं. पण दादा, तो फुलंब्रीकडचा सरपंच, मंगेश साबळे, त्याला दीड लाखाच्या वर मतं कुठून आली? पक्ष नाही, मागे आमदार नाही, कारखाना नाही, शाळा-कॉलेजं नाहीत. तर आज त्यावरच बोलू. इअरफोन लावा, आकडे आहेत थोडे, पण मजा येईल.

आधी मैदान समजून घेऊ, कारण पुण्या-मुंबईत बसून ऐकणाऱ्यांचा इथे घोटाळा होतो. जालना लोकसभा म्हणजे जालना जिल्हा नाही. सहा विधानसभा मतदारसंघ आहेत: जालना, बदनापूर आणि भोकरदन हे जिल्ह्यातले, तर सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. घनसावंगी आणि परतूर आपल्या जिल्ह्यात असूनही लोकसभेला परभणीत मोडतात. त्यामुळे इथे ‘बाहेरचा उमेदवार’ असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, कोणत्या अर्थाने बाहेरचा? काळे फुलंब्रीचे माजी आमदार, म्हणजे जालनेकरांसाठी पलीकडच्या जिल्ह्यातले. ते कोणाला खटकलं नाही. साबळे मात्र वेगळ्या अर्थाने बाहेरचे. ज्या चार-पाच घरांतून आणि दोन-तीन पक्षांतून आपल्याकडे उमेदवार ठरतात, त्या सगळ्या वर्तुळाच्याच बाहेरचे.

आता आकडे. मतदान १३ मे, निकाल ४ जून. काळेंना ६ लाख ७ हजार ८९७, दानवेंना ४ लाख ९७ हजार ९३९. फरक १ लाख ९ हजार ९५८. आणि तिसऱ्या नंबरवर साबळे, १ लाख ५५ हजार ९३०. १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेला, केंद्रात रेल्वे राज्यमंत्री असलेला माणूस लाखाने पडला. २०१९ ला याच दानवेंना जवळपास सात लाख मतं होती आणि लीड होतं सव्वातीन लाखाच्या पुढे. म्हणजे पाच वर्षांत दोन लाख मतं हातातून गेली.

निकालाच्या रात्रीपासून एक वाक्य सगळ्या ग्रुपवर फिरलं: ‘साबळेमुळे दानवे पडले.’ साबळेंची मतं फरकापेक्षा जास्त आहेत ना, मग झालं! पण गणित करून बघा. साबळेंचे सगळे मतदार उरलेल्या दोघांत वाटले गेले असते, तर दानवेंना जिंकायला त्यातले शंभरातले ८५ जण लागले असते. काळेंकडे जायच्या ऐवजी बाकीचे घरीच बसले असते, तरी शंभरातले सत्तरच्या वर. आता तुम्हीच सांगा, सरकारवर चिडून अपक्षाचं बटण दाबणाऱ्या दहा पोरांपैकी सात-आठ जण केंद्रातल्या मंत्र्याला मत देणार होते? मला नाही पटत. साबळे नसते तर फरक कमी झाला असता किंवा वाढला असता, निकाल बहुतेक तोच राहिला असता. साबळेंची काही मतं मूळची दानवेंचीच होती हे खरं. पण ती दानवेंना सोडून आधीच निघाली होती. त्यांना उभं राहायला एक जागा मिळाली, इतकंच.

आणि या सगळ्यात एक गोष्ट फार कमी जणांनी लक्षात घेतली. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर डिपॉझिट जातं. पहिल्या तिघांचीच बेरीज साडेबारा लाखाच्या पुढे आहे, तिचा सहावा हिस्सा दोन लाख दहा हजार होतो. म्हणजे दीड लाख लोकांनी मत दिलं आणि तरी माणसाचं डिपॉझिट जप्त! ग्रामपंचायतीला पाच मतांनी पडलेला माणूस वर्षभर तोंड लपवतो आपल्याकडे. इथे तर लोकांना आधीपासून माहीत होतं की हा पडणार. तरी दिलं.

का दिलं?

राज्यशास्त्राचं पुस्तक उघडलं तर उत्तर येतं की असं व्हायलाच नको. मॉरिस दुव्हर्जे नावाचे एक फ्रेंच अभ्यासक होऊन गेले. त्यांचं म्हणणं असं की जिथे सगळ्यात जास्त मतं घेणारा एकटाच जिंकतो, तिथे लोक हळूहळू दोघांतच वाटले जातात. तिसऱ्याला मत म्हणजे वाया. आपल्या भाषेत, ‘पडणाऱ्याला कशाला देतो, येणाऱ्याला दे.’ पारावरचं हे जुनं शहाणपण. मग दीड लाख लोकांनी ते का झुगारलं?

त्यासाठी एक वर्ष मागे जावं लागतं, ३१ मार्च २०२३ ला. फुलंब्री पंचायत समितीसमोर गेवराई पायगा गावचा पंचविशीतला सरपंच गळ्यात नोटांची माळ घालून उभा राहतो. शेतकऱ्यांच्या सिंचन विहिरी मंजूर करायला टक्केवारी मागतात असा त्याचा आरोप. मग तो दोन लाख रुपये हवेत उधळतो. तो व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल.

शहरातल्या श्रोत्यांसाठी जरा थांबतो, कारण विहिरीचं प्रकरण कळल्याशिवाय ती दीड लाख मतं कळत नाहीत. रोजगार हमीतून विहिरीसाठी तेव्हा चार लाखांपर्यंत अनुदान होतं. ग्रामसभेचा ठराव, प्रस्ताव, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, वर्क ऑर्डर, मग मस्टर, मग फोटो. प्रत्येक टेबलावर फाइल थांबते. आणि मराठवाड्यात विहीर म्हणजे काय? एक विहीर असली की कापसाला एक पाणी जास्त बसतं, मोसंबीची बाग उन्हाळ्यात तगते, पोरीच्या लग्नाचं बोलणं लावता येतं. फाइल पुढे सरकवायला काय लागतं हे गावात प्रत्येकाला माहीत असतं, पण ते कोणी माइकवर बोलत नाही. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट एकाने भर रस्त्यात, स्वतःचे पैसे उधळून सांगितली. आरोप तर विरोधी पक्षाचे लोक रोज करतात. त्यात त्यांच्या खिशातलं काय जातं?

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा धागा आहे. लोकांना पुढाऱ्याचं बोलणं खरं की खोटं हे तपासता येत नाही. पण त्याने स्वतःचं काय पणाला लावलं, हे दिसतं. सप्टेंबर २०२३ ला आंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला, त्याचा निषेध म्हणून साबळेंनी स्वतःची गाडी पेटवून दिली. पुढे ऑक्टोबरमध्ये मुंबईत वकील गुणरत्न सदावर्ते यांच्या गाड्या फोडल्याच्या प्रकरणात त्यांना अटकही झाली. स्पष्ट सांगतो, दुसऱ्याची गाडी फोडणं मला पटत नाही. तुमचं आंदोलन कितीही खरं असो. पण आपण इथे काय बरोबर ते ठरवत नाही आहोत, लोकांनी काय पाहिलं ते समजून घेतोय. लोकांनी पाहिलं की या पोराचं काहीतरी जळतंय, जातंय, आणि तरी तो मागे हटत नाही.

मग दुसऱ्या बाजूला दानवेंनी काहीच केलं नाही का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. मुंबईला जाणारी जनशताब्दी जालन्यापर्यंत आली. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. रसायन तंत्रज्ञान संस्थेचं कॅम्पस जालन्यात आलं, ड्रायपोर्टचं काम उभं राहिलं. बोलणं असं गावरान की भाषणाला हशा ठरलेला. पण तेच बोलणं अंगाशीही आलं. २०१७ ला तूर खरेदीवरून शेतकऱ्यांबद्दल जे तोंडातून गेलं, ते आमच्या भागात अजून कोणी विसरलेलं नाही. आणि वंदे भारत तेव्हा पहाटे स्टेशनातून निघायची, त्या वेळी भोकरदनचा शेतकरी सोयाबीनच्या भावाचा मेसेज बघत असायचा. २०२३-२४ चा हमीभाव ४,६०० आणि बाजारात त्याच्याही खाली. कापूस २०२२ ला दहा हजारांवर गेलेला, तो सात हजारांच्या आसपास आलेला. हा भाग मी जास्त ताणत नाही, मागे कापसावर अख्खा एपिसोड केलाय.

आरक्षणाचा मुद्दा तर सगळ्यात वर होताच. मनोज जरांगे पाटलांचं आंदोलन याच जिल्ह्यातलं. २० फेब्रुवारी २०२४ ला सरकारने मराठा समाजाला वेगळं दहा टक्के आरक्षण देणारं विधेयक मंजूर करून घेतलं. आंदोलनाची मागणी मात्र ओबीसीतून देण्याची होती, त्यामुळे राग गेला नाही. त्यानंतर एक भन्नाट कल्पना गावोगाव चालली होती, आठवते का? प्रत्येक गावातून दोन-चार अपक्ष उभे करायचे. मतदान यंत्राला ‘नोटा’ धरून ३८४ नावांची मर्यादा आहे. त्यापेक्षा जास्त झाले की शासनाला कागदी मतपत्रिका छापाव्या लागतील! शेवटी जरांगेंनी उमेदवार दिले नाहीत. कोणाला पाडायचं ते समाजाने ठरवावं, असा सूर राहिला. आता बघा, ‘पाडा’ म्हटल्यावर हिशेबी मतदार सरळ काळेंकडे जातो, आणि बहुतेक गेलेच. पण ज्याला काँग्रेसचंही बटण दाबायचं नव्हतं, त्याचं काय? घरात दोन पिढ्या कमळ किंवा धनुष्यबाण चाललेला तरुण पंजावर बोट ठेवताना अडखळतो. त्यात २०१९ ते २०२३ या काळात इतके पक्ष फुटले आणि इतके नेते इकडून तिकडे गेले, की आपण कोणाविरुद्ध मत देतोय हेच कळेना. साबळे त्या पोरांसाठी मोकळी वाट ठरले.

आमच्या मावशीचा मुलगा त्यातलाच एक. वय तेवीस, पहिलंच लोकसभेचं मतदान. मी त्याला म्हटलं, अरे, मत वाया घालवलंस. तो म्हणाला, “वाया कसं जाईल दादा? काळेंना दिलं असतं तर सहा लाखांत एक झालं असतं, कोणाला दिसलं पण नसतं. आता हा दीड लाखाचा आकडा सगळ्यांना दिसतोय ना?” यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही.

दुव्हर्जे साहेबांचा हिशेब इथे अडतो. ते धरून चालतात की मत फक्त निवडून आणायला असतं. या पोरांनी ते निरोप पाठवायला वापरलं. आणि निरोप पाठवायला लोकसभा ही सोयीची निवडणूक आहे. खासदाराकडे आपलं रोजचं काम फारसं नसतं. डीपी जळाली, रेशनकार्ड अडलं, फाइल अडली, की आपण आमदाराच्या माणसाला फोन लावतो. त्यामुळे खासदारकीचं मत रागावर खर्च करता येतं.

हे मी हवेत बोलत नाही. शेजारी बघा. २०१९ ला तेव्हाच्या औरंगाबादेत हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी २ लाख ८३ हजार मतं घेतली. चंद्रकांत खैरे फक्त ४,४९२ मतांनी पडले आणि पत्रकारितेतून आलेले इम्तियाज जलील खासदार झाले. जाधव हे दानवेंचे जावई, त्यामुळे खैरेंनी तेव्हा बोट कोणाकडे दाखवलं ते तुम्हाला आठवत असेल. दैव बघा, पाच वर्षांनी अपक्षाची मतं मोजायची पाळी सासऱ्यांवर आली. पण जाधवांचं पुढे काय झालं? २०२४ ला तेच पुन्हा उभे राहिले आणि चाळीस हजारांच्या आसपास थांबले. निरोप पोहोचला की पाकीट कोणी जपून ठेवत नाही. अपक्षाची खरी अडचण ही आहे. बूथवर बसायला माणूस नाही, पाच वर्षं दारात येणारा कार्यकर्ता नाही, मग ती मतं पुन्हा गोळा करणार कोण?

जालन्यात तर सहा महिनेही लागले नाहीत. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल आला. जालन्यात अर्जुन खोतकर, बदनापुरात नारायण कुचे, भोकरदनला संतोष दानवे, सिल्लोडला अब्दुल सत्तार, फुलंब्रीत अनुराधा चव्हाण, पैठणला विलास भुमरे. सहाच्या सहा महायुतीचे. ज्या लोकांनी जूनमध्ये रावसाहेबांना घरी बसवलं, त्यांनीच नोव्हेंबरमध्ये त्यांच्या मुलाला आमदार केलं. मधे लाडकी बहीणचे १,५०० रुपये खात्यात आले होते, जरांगेंनी ४ नोव्हेंबरला माघार घेतली होती, ओबीसी मतं एका बाजूला गोळा झाली होती. सिल्लोडमध्ये सत्तार जेमतेम २,४२० मतांनी निघाले, तेवढी एकच जागा काठावरची.

आता मला तुमच्याकडून एक हवंय. फुलंब्री, पैठण, सिल्लोडकडून कोणी ऐकत असेल आणि २०२३ नंतर विहिरीचा प्रस्ताव दाखल केला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव-गाव सांगायची गरज नाही. फाइल किती दिवसांत निघाली, किती टेबलं फिरली आणि पाणी लागलं का, एवढंच सांगा. पुढच्या भागात तेच ऐकू.