गेमिंग संगणकाच्या भागांची निवड

गेमिंग संगणकाच्या भागांची निवड म्हणजे संगणकीय खेळ उच्च दर्जाच्या चित्रासह व सुरळीत गतीने खेळता यावेत, यासाठी मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवण, वीजपुरवठा व थंडाव्याची व्यवस्था हे सुटे भाग परस्परांशी जुळतील अशा रीतीने निवडण्याची प्रक्रिया होय. अशा संगणकाची कामगिरी सर्वांत महागड्या भागावर नव्हे, तर त्याच्या साखळीतील सर्वांत मंद भागावर अवलंबून असते. त्यामुळे खर्चाची विभागणी हा या निवडीतील कळीचा प्रश्न मानला जातो.

पार्श्वभूमी

१९९५ मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स हे मदरबोर्डच्या मापांचे व रचनेचे मानक मांडले. त्यामुळे वेगवेगळ्या उत्पादकांचे भाग एकाच कॅबिनेटमध्ये बसवणे सोपे झाले. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू हे त्रिमितीय चित्रणासाठीचे स्वतंत्र कार्ड बाजारात आले. १९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जीफोर्स २५६ हे कार्ड 'जीपीयू' या नावाने विकण्यास प्रारंभ केला. प्रकाशकिरणांचा मार्ग काढून छाया व प्रतिबिंबे दाखवणारी रे ट्रेसिंग ही पद्धत २०१८ मध्ये याच कंपनीच्या आरटीएक्स २० मालिकेमुळे घरगुती संगणकांपर्यंत पोहोचली. या वाटचालीत खेळांसाठीच्या संगणकाचे केंद्र प्रोसेसरकडून ग्राफिक्स कार्डाकडे सरकले.

मॉनिटर

निवडीचा आरंभ मॉनिटरपासून करणे सयुक्तिक ठरते, कारण ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक सेकंदाला किती काम करावे लागेल हे मॉनिटरच ठरवतो. १९२०×१०८० या विभेदनात सुमारे २०.७ लाख, २५६०×१४४० मध्ये सुमारे ३६.९ लाख, तर ३८४०×२१६० म्हणजे 'फोर-के' मध्ये सुमारे ८२.९ लाख पिक्सेल असतात. म्हणजेच फोर-के चित्र रंगवण्याचे काम १०८० विभेदनाच्या चौपट असते.

पडद्यावरील चित्र सेकंदाला किती वेळा बदलते, ती संख्या हर्ट्झमध्ये सांगतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झवर ६.९ आणि २४० हर्ट्झवर ४.२ मिलिसेकंद. ६० वरून १४४ वर जाताना जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात, तर १४४ वरून २४० वर जाताना तीनपेक्षाही कमी. म्हणून पहिला बदल बहुतेकांना सहज जाणवतो. दुसरा मुख्यतः स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्यांच्या उपयोगाचा ठरतो.

पडद्याच्या आकाराचाही विचार करावा लागतो. २७ इंची पडद्यावर १४४० विभेदनात दर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल बसतात. ३२ इंची फोर-के पडद्यावर ही संख्या सुमारे १३८ होते. पॅनेलच्या प्रकारांपैकी आयपीएसमध्ये रंग व पाहण्याचे कोन चांगले असतात, व्हीए प्रकारात काळा रंग अधिक गडद दिसतो. ओएलईडी प्रकारात प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाशमान होत असल्याने तो पूर्ण विझू शकतो व चित्र अतिशय वेगाने बदलते. मात्र एकच स्थिर चित्र दीर्घकाळ राहिल्यास त्याचा कायमचा ठसा उमटण्याचा धोका ओएलईडीमध्ये असतो. दिवसभर कार्यालयीन काम व रात्री खेळ असा वापर असल्यास ही बाब महत्त्वाची ठरते.

ग्राफिक्स कार्डाची गती व पडद्याची गती जुळली नाही, तर चित्र मधूनच फाटल्यासारखे दिसते. त्यावर उपाय म्हणून पडद्याने आपली गती कार्डानुसार बदलण्याचे तंत्र निघाले. एनव्हिडियाचे जी-सिंक २०१३ मध्ये जाहीर झाले आणि एएमडीचे फ्रीसिंक २०१५ मध्ये बाजारात आले.

केबलची क्षमता हा दुर्लक्षित राहणारा मुद्दा आहे. फोर-के, १४४ हर्ट्झ व २४ बिट रंग या चित्रासाठी केवळ पिक्सेलांचीच माहिती सेकंदाला सुमारे २८.७ गिगाबिट होते. एचडीएमआय २.० ची एकूण क्षमता १८ गिगाबिट असल्याने ती येथे अपुरी पडते. डिस्प्लेपोर्ट १.४ ला संक्षेपणाचा आधार घ्यावा लागतो, तर ४८ गिगाबिट क्षमतेचे एचडीएमआय २.१ पुरेसे ठरते.

ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर

प्रत्येक चित्र दोन टप्प्यांत तयार होते. पात्रांच्या हालचाली, टकरी व खेळाचे नियम यांचा हिशोब प्रोसेसर करतो आणि त्यानुसार दृश्य रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. ही कामे समांतर चालत असल्याने ज्याला अधिक वेळ लागतो तोच अंतिम गती ठरवतो.

उदाहरणार्थ, एखाद्या खेळात प्रोसेसरला एका चित्रामागे ८ मिलिसेकंद व कार्डाला १२ मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला सुमारे ८३ चित्रे मिळतील. येथे दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला तरी आकडा जवळजवळ तोच राहील. याउलट विभेदन कमी करून कार्डाचा वेळ ५ मिलिसेकंदांवर आणला, तर गती १२५ चित्रांवर जाऊन थांबेल, कारण आता प्रोसेसर आडवा येतो. यावरून एक सोपी कसोटी मिळते: विभेदन घटवूनही गती वाढत नसेल, तर अडथळा बहुधा प्रोसेसरचा असतो. नवा भाग घेण्यापूर्वी ही चाचणी केल्यास चुकीच्या भागावर होणारा मोठा खर्च टळतो.

म्हणूनच फोर-के खेळासाठी खर्चाचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला दिला जातो. कमी विभेदनावर अतिशय जास्त गती हवी असल्यास प्रोसेसरचे महत्त्व वाढते. खेळांसाठी प्रोसेसरमधील गाभ्यांच्या संख्येइतकीच कॅश स्मृतीही महत्त्वाची असते. एएमडीच्या २०२२ मधील रायझेन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये कॅशचा अतिरिक्त थर चढवून ती ९६ मेगाबाइट करण्यात आली. साध्या ५८००एक्समध्ये ती ३२ मेगाबाइट होती. घड्याळगती थोडी कमी असूनही अनेक खेळांत हा प्रोसेसर अधिक वेगवान ठरला.

कार्डावरील स्वतंत्र स्मृती अपुरी पडल्यास माहिती मुख्य रॅममधून आणावी लागते व खेळ मधूनमधून अडखळतो. सरासरी गती चांगली दिसूनही खेळताना धक्के जाणवण्याचे हे एक कारण असते.

मदरबोर्ड, रॅम व साठवण

मदरबोर्डचे सॉकेट प्रोसेसरशी जुळणे अनिवार्य आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ पासून रायझेन प्रोसेसर चालले. त्यानंतरचे एएम५ सॉकेट केवळ डीडीआर५ रॅम स्वीकारते. इंटेलने २०२१ मध्ये एलजीए १७०० व २०२४ मध्ये एलजीए १८५१ हे सॉकेट आणले. महागड्या मदरबोर्डमुळे खेळाची गती फारशी वाढत नाही. त्यातून प्रामुख्याने अधिक जोडण्या व भक्कम वीजव्यवस्था मिळते.

रॅम दोन समान पट्ट्यांच्या जोडीने घेतल्यास दोन्ही मार्गिका वापरल्या जातात. डीडीआर५ च्या चार पट्ट्या लावल्यास गती अनेकदा कमी ठेवावी लागते. म्हणून ३२ गिगाबाइटसाठी १६ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या ही प्रचलित निवड आहे. रॅमची जाहीर केलेली गती आपोआप लागू होतेच असे नाही. त्यासाठी बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही मांडणी चालू करावी लागते.

साठवणीसाठी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी वापरतात. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते, तर पीसीआय एक्सप्रेस ४.० वरील वेगवान एसएसडी सुमारे ७,००० मेगाबाइट. तथापि खेळ सुरू होण्याच्या वेळेत त्या प्रमाणात फरक पडत नाही.

वीजपुरवठा

भारतीय बाजारात 'एसएमपीएस' या नावाने ओळखला जाणारा वीजपुरवठा घटक इतर सर्व भागांच्या सुरक्षिततेचा आधार असतो. २०२५ मधील आरटीएक्स ५०९० या कार्डाची वीजमर्यादा ५७५ वॉट असून, त्यासाठी १,००० वॉटचा पुरवठा उत्पादकाने सुचवला आहे. ही तफावत अनाठायी नाही. कार्डाची मागणी क्षणभर सरासरीच्या बरीच वर जाते आणि दुर्बळ पुरवठा अशा वेळी संगणक बंद पाडतो. 'एटी प्लस' हे प्रमाणपत्र विजेची कार्यक्षमता दाखवते, एकूण गुणवत्तेची हमी देत नाही.

आरटीएक्स ४०९० कार्डाच्या १६ पिनी जोडणीचे प्लग वितळल्याच्या घटना २०२२ च्या अखेरीस उघडकीस आल्या. प्लग पूर्ण आत न बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण आढळले. २०२३ मध्ये या जोडणीची सुधारित आवृत्ती आली. तरीही प्लग शेवटपर्यंत बसला आहे याची खात्री करणे व तोंडाजवळ केबलला तीव्र वाक न देणे आवश्यक मानले जाते.

कॅबिनेट व थंडावा

मोठी ग्राफिक्स कार्डे ३०० मिलिमीटरहून अधिक लांब असतात. त्यामुळे कॅबिनेटची आतील लांबी व प्रोसेसरच्या कूलरची उंची आधी मोजावी लागते. संगणकाने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने खोलीतच येते. खेळताना ७०० वॉट घेणारा संगणक हा खोलीच्या दृष्टीने ७०० वॉटचा हीटरच असतो. रोज तीन तास वापरल्यास तो महिन्याला सुमारे ६३ युनिट वीज खर्च करतो.

पंखे वा द्रवशीतन भागांचे तापमान खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाहीत. विदर्भासारख्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसपर्यंत जातो. तेथे समोरच्या बाजूने हवा मोकळेपणी आत येईल असे जाळीदार कॅबिनेट व अधिक क्षमतेचा कूलर उपयुक्त ठरतो. वीज वारंवार जाणाऱ्या भागात यूपीएस घेताना त्याची क्षमता मॉनिटरसह एकूण मागणीपेक्षा अधिक असणे आवश्यक असते.

जुळणीनंतरची तपासणी

योग्य भाग निवडूनही काही साध्या चुकांमुळे अपेक्षित कामगिरी मिळत नाही. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडली जाणे, १४४ हर्ट्झचा मॉनिटर संगणकप्रणालीत ६० हर्ट्झवरच राहणे आणि रॅमची गती बायॉसमध्ये चालू न करणे या त्यांतील नेहमीच्या तीन चुका होत. भाग सदोष असल्याची तक्रार करण्यापूर्वी या तिन्ही गोष्टी पाहणे इष्ट ठरते. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीतील नेहरू प्लेस यांसारख्या बाजारांत सुटे भाग घेताना प्रत्येक भागाचे अनुक्रमांकासह बिल घेणे उपयोगी पडते, कारण हमी संपूर्ण संगणकाला नव्हे तर प्रत्येक भागाला स्वतंत्रपणे लागू असते.

हे सुद्धा पहा

ग्राफिक्स कार्ड
प्रोसेसर
मदरबोर्ड
ओएलईडी
संगणकीय खेळ