केली स्मिथ

केली स्मिथ (जन्म : २९ ऑक्टोबर १९७८, वॉटफर्ड, इंग्लंड) या इंग्लंडच्या निवृत्त महिला फुटबॉलपटू आहेत. आघाडीच्या फळीत खेळणाऱ्या स्मिथ यांनी राष्ट्रीय संघाकडून ११७ सामन्यांत ४६ गोल केले. इंग्लंडच्या महिला संघाकडून सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम २०२१ पर्यंत त्यांच्या नावावर होता.

प्रारंभिक जीवन

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९२१ मध्ये संलग्न क्लबांच्या मैदानांवर महिलांचे सामने खेळवण्यास बंदी घातली. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. ती उठल्यानंतरही मुलींसाठी संघ मोजकेच होते. त्यामुळे स्मिथ लहानपणी मुलांच्या संघातून खेळत. संघात त्या सरस ठरत असतानाही प्रतिस्पर्धी मुलांच्या पालकांनी हरकत घेतल्यामुळे त्यांना संघ सोडावा लागला. पुढे त्या वेम्बली आणि आर्सेनलच्या महिला संघांतून खेळल्या.

क्लब कारकीर्द

त्या काळी इंग्लंडमध्ये महिलांना फुटबॉलवर उपजीविका करता येत नसे. १९९७ मध्ये स्मिथ अमेरिकेतील सीटन हॉल विद्यापीठात दाखल झाल्या. तेथे तीन हंगामांत त्यांनी ७६ गोल केले. त्यांच्या सन्मानार्थ विद्यापीठाने त्यांचा ६ क्रमांकाचा गणवेश कायमचा निवृत्त केला. सर्व खेळाडूंना मानधन देणारी जगातील पहिली महिला लीग २००१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, तेव्हा त्या फिलाडेल्फिया चार्ज संघात होत्या. मात्र आर्थिक अडचणींमुळे ही लीग २००३ मध्ये बंद पडली.

याच काळात गुडघ्याच्या आणि पायाच्या गंभीर दुखापतींमुळे स्मिथ यांना दीर्घकाळ मैदानाबाहेर राहावे लागले. या दिवसांत जडलेले मद्याचे व्यसन आणि नैराश्य यांविषयी त्यांनी २०१२ मध्ये प्रकाशित झालेल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. उपचारांनंतर २००५ मध्ये त्या आर्सेनलकडे परतल्या.

२००६-०७ च्या हंगामात आर्सेनलने लीग, एफए चषक, लीग चषक आणि युएफा महिला चषक अशी चारही विजेतीपदे मिळवली. युएफा चषक जिंकणारा हा पहिला इंग्लिश महिला संघ होता. उपांत्य फेरीत लाल कार्ड मिळाल्यामुळे स्मिथ यांना अंतिम लढतीला मुकावे लागले. २००९ मध्ये अमेरिकेत नवी व्यावसायिक लीग सुरू झाल्यावर त्या बॉस्टन ब्रेकर्सकडून खेळल्या. २०१२ मध्ये त्या पुन्हा आर्सेनलमध्ये आल्या आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिल्या.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

वयाची सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर तीनच दिवसांनी, १ नोव्हेंबर १९९५ रोजी, स्मिथ इटलीविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या. २००७ च्या चीनमधील विश्वचषकात जपानविरुद्ध इंग्लंड पिछाडीवर असताना त्यांनी अल्पावधीत दोन गोल केले. त्या वेळी बूट काढून त्याचे चुंबन घेण्याची त्यांची कृती विशेष गाजली. हा सामना २-२ असा बरोबरीत सुटला. २००९ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला, तथापि जर्मनीने इंग्लंडचा ६-२ असा पराभव केला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्या ग्रेट ब्रिटनच्या संघात होत्या. इंग्लंडकडून विश्वचषक किंवा युरोपीय विजेतेपद मात्र त्यांना मिळाले नाही.

सन्मान आणि वारसा

२००८ मध्ये स्मिथ यांना 'मेंबर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' हा किताब मिळाला. २००९ च्या फिफा सर्वोत्तम महिला खेळाडू पुरस्काराच्या मतदानात मार्ता आणि बिर्गिट प्रिन्झ यांच्यापाठोपाठ त्या तिसऱ्या आल्या. २०१५ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून, तर जानेवारी २०१७ मध्ये क्लब फुटबॉलमधूनही निवृत्ती जाहीर केली.

३० नोव्हेंबर २०२१ रोजी लाटव्हियाविरुद्धच्या सामन्यात एलेन व्हाइट यांनी त्यांचा ४६ गोलांचा विक्रम मोडला. उपजीविकेसाठी स्मिथ यांना अमेरिका गाठावी लागली होती. व्हाइट यांच्या पिढीला मात्र मायदेशातच व्यावसायिक लीग उपलब्ध झाली होती.