आवाज येणा नाय

सकाळी साडेआठ. दुकानाचं शटर अर्धं वर गेलंय तोवर फोन सुरू. गणेशचतुर्थी आठवड्यावर आली की मालवणातला माझा धंदा बदलतो. एरवी हॉटेलवाल्यांचं बिलिंग, प्रिंटर, सीसीटीव्ही. या दिवसांत घरोघरचे डेस्कटॉप. मुंबईचा चाकरमानी लॅपटॉप घेतो आणि जुना डेस्कटॉप चादरीत गुंडाळून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून गावाकडे धाडतो. इथे लाइट लागते, चित्र दिसतं, आणि आरती लावायला गेलं की मशीन गप्प. "आवाज येणा नाय. ड्रायव्हर गेलो वाटता."

मी फोनवरच विचारतो: खाली कोपऱ्यात स्पीकरच्या चित्रावर फुली आहे का? असेल आणि आवाज म्यूट केलेला नसेल, तर विंडोजला साउंडचं उपकरणच सापडलेलं नाही. ड्रायव्हर नाही, किंवा बायोसमध्ये ऑडिओ बंद आहे. फुली नसेल तर गाणं चालू करून सेटिंगमधली पट्टी हलते का पाहायला सांगतो. पट्टी हलते म्हणजे ड्रायव्हर आपलं काम करतोय आणि आवाज पुढे कुठेतरी अडलाय. किनाऱ्यावरच्या बहुतेक तक्रारी या दुसऱ्या जातीच्या. तरीही लोक आधी यूट्यूब बघून ड्रायव्हर उडवतात, आणि मग मला दोन आजार बरे करावे लागतात.

दहा वाजता भरडावरून रिक्षाने एक कॅबिनेट आलं, मॉनिटरसकट. केबल एचडीएमआय. त्या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो, त्यामुळे विंडोजने मॉनिटरलाच स्पीकर मानलं होतं. मॉनिटरला स्पीकरच नाहीत. आउटपुटच्या यादीत मॉनिटरऐवजी 'स्पीकर्स' निवडलं, झालं. अर्ध्या मिनिटाच्या कामाचे पैसे मागायला जीभ उचलत नाही. ट्रॅव्हल्समध्ये धक्के खाऊन रॅम सैल झाली होती ती बसवली, धूळ काढली आणि तेवढ्याचे घेतले.

साडेअकराला देवबाग. तारकर्लीच्या पुढची ही जमिनीची पट्टी, एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. इथल्या घरांत खिडकीचे लोखंडी गजसुद्धा फार टिकत नाहीत, मग ऑडिओ जॅकची काय कथा. टेबल खिडकीखाली, खिडकी पश्चिमेला. काकी म्हणाल्या, "झिला, इयरफोन लावला तर गाणा वाजता. काढला काय बंद."

हे ऐकलं की मी माउसला हात लावत नाही, टॉर्च काढतो. हिरवा जॅक स्पीकरचा, गुलाबी माइकचा, निळा बाहेरून आवाज आत घ्यायचा; हे रंग पीसी ९९ या मानकाने ठरवले आणि तेच चालत आलेत. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला इयरफोनचा वेगळा जॅक असतो. त्याच्या आत पितळी पानाची एक बारीक स्प्रिंग असते. पिन आत गेली की पान सरकतं आणि मशीनला कळतं, इयरफोन आला. मग ते मागच्या स्पीकरचा आवाज बंद करतं. या जॅकमध्ये टॉर्च मारला तर पानावर हिरवट खार, मिठाच्या कणासारखा खरखरीत. पान चिकटून बसलेलं. पिन काढली तरी मशीनच्या लेखी ती अजून आतच. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला बारीक ब्रश फिरवला, पिन आतबाहेर केली, वाळू दिलं, पुन्हा केलं. कापसाला हिरवं लागलं. खार वाढला की पुन्हा पान चिकटणार, म्हणून मदरबोर्डवरून पुढच्या जॅककडे जाणारी ऑडिओची वायरच काढून ठेवली. इयरफोन आता मागे लावायचा. काकींना ते फारसं पटलं नाही, पण स्पीकर वाजला. पावसाळ्यात टेबल आतल्या खोलीत घ्या, एवढं सांगून निघालो. टेबल हलणार नाही. खिडकीत बसून लेकीशी व्हिडिओ कॉल करण्याची मजा आतल्या खोलीत कुठली.

दोनला घरी. श्रावण आहे म्हणून ताटात काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि भात. लाइट गेली, आली, परत गेली.

तीन वाजता कट्टा गावात, निवृत्त मास्तरांकडे. आजचं खरं काम हेच. मास्तर डबलबारी भजनांच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून ठेवतात. दोन बुवा समोरासमोर, रात्रभरचे सवालजवाबांचे गजर, पखवाज, झांज; त्यातले काही बुवा आता नाहीत. मुंबईच्या पुतण्याने हौसेने विंडोज नव्याने टाकून दिलं आणि तेव्हापासून निळा जॅक यादीतून गायब. "स्पीकर बरो वाजता, पण ह्यां निळां भोक नायच म्हणता," मास्तर म्हणाले. मग त्यांनी टेपरेकॉर्डरची वायर गुलाबी जॅकमध्ये घातली. माइकच्या जॅकला मिलिव्होल्टांची सवय, टेपरेकॉर्डर त्याच्या कितीतरी पट जोराने पाठवतो. आवाज फाटणारच. त्यात माइकसाठीचं नॉइज सप्रेशन चालू. त्याने झांज म्हणजे गोंगाट समजून खाऊन टाकली. पखवाज डब्यातून यावा तसा.

डिव्हाइस मॅनेजर उघडला. पिवळं चिन्ह कुठेच नाही, सगळं ठीक असल्याचा दाखला. पण नाव नुसतं 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस'. विंडोज स्वतःजवळचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवतं; त्यावर स्पीकर चालतो, पण जॅकांची बारीक व्यवस्था चालेलच असं नाही. प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. कंपनीचा क्रमांक १०ईसी, म्हणजे रिअलटेक; पुढे ०८८७, म्हणजे एएलसी ८८७ ही चिप. पण नुसत्या चिपवरून ड्रायव्हर उतरवू नये. एकच चिप प्रत्येक मदरबोर्डवर वेगळ्या तऱ्हेने जोडलेली असते, म्हणून बोर्डाच्या कंपनीच्या पानावरूनच घ्यायचा. बोर्डाचं नाव स्लॉटांच्या मधे छापलेलं असतं. तिथली धूळ पुसली, वाचलं. फाइल दोन-तीनशे एमबीची, कट्ट्याच्या नेटवर संध्याकाळ झाली असती. माझ्या पेनड्राइव्हमध्ये होती.

आधी नेट तोडलं. जुना ड्रायव्हर काढला, आणि विंडोजने आपणहून ड्रायव्हर आणण्याची सेटिंग बंद केली. नाहीतर विंडोज नेटवरून दुसराच ड्रायव्हर आणून बसवू शकतं. नवा टाकला, रीस्टार्ट. पडद्यावर रिअलटेकचं चिन्ह आलं, खेकडा. तैवानच्या कंपनीने खेकडा का घेतला ते घेतला, मास्तर मात्र खूश: "श्रावणात चालणारी एकच कुर्ली!" निळा जॅक यादीत आला. वायर तिकडे घातली, एन्हान्समेंट्स सगळ्या बंद, ऑडॅसिटीत रेकॉर्डिंगची पातळी लाल रेघेच्या खाली. झांज आली. मास्तरांनी पूर्ण गजर ऐकल्याशिवाय चहा पुढे केला नाही.

"ड्रायव्हरचे कितके?"

"ड्रायव्हर फुकट, मास्तरानू. माझ्या येण्याचे द्या."

सहाला दुकानात परत. स्पीकरमधून सतत 'हूं' येतो म्हणून एक मुलगा येऊन बसलेला. डेस्कटॉप आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या खोल्यांतल्या प्लगवर, अर्थिंगचा पत्ता नाही. दोन्ही एकाच बोर्डावर घे आणि वायरमनला बोलाव, म्हटलं. यात संगणकवाल्याचं काम नाही.

आठनंतर शटर ओढून मी उद्याचे ड्रायव्हर भरतो. बोर्डाच्या नावाने फोल्डर, आत ऑडिओ, लॅन, ग्राफिक्स. लॅनचा आधी, कारण तो नसेल तर नेट नाही आणि नेट नसेल तर बाकीचे नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. मुंबईहून येणाऱ्या पुष्कळ मशिनी ११ घेत नाहीत, कोणी त्यांवर लिनक्स टाकून मागतं, आणि जुन्या बोर्डांची पानं कधी बंद होतील याचा भरवसा नाही. जे मिळतंय ते आत्ताच उतरवून ठेवतो. उद्या सकाळी आचरा, दुपारी मसुरे. दोन्हीकडे फुली आहे म्हणतात.