क्रीडा-एटीव्हीचे त्वरण आणि स्प्रॉकेटची निवड : एक यांत्रिक विवेचन

प्रस्तावना

चार रुंद व कमी दाबाचे टायर, मोटारसायकलसारखे हँडल आणि दोन्ही बाजूंस पाय टाकून बसण्याची बैठक असलेले वाहन म्हणजे 'ऑल टेरेन व्हेइकल' अर्थात एटीव्ही होय. अमेरिकेत शेतीच्या कामांबरोबरच वाळूच्या टेकड्यांवर आणि मातीच्या शर्यतमार्गांवर अशी वाहने चालविली जातात. शर्यतीच्या घडणीच्या वाहनास क्रीडा-एटीव्ही म्हणतात. त्यात गिअरपेटीतून निघालेली गती पुढील लहान स्प्रॉकेट, साखळी व मागील मोठे स्प्रॉकेट यांच्याद्वारे मागील धुऱ्यास मिळते. स्प्रॉकेट बदलणे अल्पखर्चाचे असल्याने वाहनाची उसळी वाढविण्यासाठी चालक प्रथम हाच उपाय योजतात. मात्र यामुळे 'गाडीची ताकद वाढते' असा जो समज आढळतो, तो यंत्रशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. या बदलाने नेमके काय मिळते, त्याचे मोल काय आणि निवड कोणत्या निकषांवर करावी, यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गुणोत्तराचे गणित

मागील स्प्रॉकेटच्या दातांच्या संख्येस पुढील स्प्रॉकेटच्या दातांच्या संख्येने भागले असता अंतिम गुणोत्तर मिळते. १९९९ साली बाजारात आलेल्या होंडा टीआरएक्स ४०० ईएक्स या वाहनाचे उदाहरण घेऊ. त्यात कारखान्यातून पुढे १५ व मागे ३८ दात येतात, म्हणजे गुणोत्तर २.५३ होते. त्यात करता येणारे काही बदल असे :

(१) पुढे १४, मागे ३८ : गुणोत्तर २.७१, वाढ ७.१ टक्के.
(२) पुढे १५, मागे ४१ : गुणोत्तर २.७३, वाढ ७.९ टक्के.
(३) पुढे १३, मागे ३८ : गुणोत्तर २.९२, वाढ १५.४ टक्के.

पुढील एक दात कमी करणे हे मागील सुमारे पावणेतीन दात वाढविण्यासारखे आहे, हे यावरून दिसते. म्हणून ढोबळ बदल पुढे व सूक्ष्म बदल मागे करावा, हा व्यवहारातील संकेत सयुक्तिक ठरतो. गुणोत्तर जितक्या पट वाढते, तितक्याच पट त्या गिअरमध्ये चाकावरील टॉर्क वाढतो आणि इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना मिळणारा वेग तितक्याच पट घटतो. ज्या फेऱ्यांना पूर्वी ताशी १०० किलोमीटर वेग मिळत असे, तेथे पहिल्या बदलानंतर सुमारे ९३ व तिसऱ्या बदलानंतर सुमारे ८७ किलोमीटर वेग मिळेल.

शक्ती आणि बल यांतील भेद

स्प्रॉकेट शक्ती निर्माण करीत नाही. कोणत्याही क्षणी चाकाने जमिनीवर लावलेले बल म्हणजे चाकास मिळणारी शक्ती भागिले वेग होय. त्यामुळे विशिष्ट वेगाला मिळू शकणारे कमाल बल इंजिनाच्या कमाल शक्तीने ठरते, दातांनी नव्हे. दातांनी एवढेच ठरते की त्या वेगाला इंजिन किती फेऱ्यांवर असेल. वळणातून बाहेर पडताना इंजिन मंद फेऱ्यांवर रेंगाळत असेल, तर वाढीव गुणोत्तर त्यास अधिक शक्तीच्या पट्ट्यात आणते आणि लाभ होतो. इंजिन आधीच त्या पट्ट्याच्या माथ्यावर असेल, तर त्याच बदलामुळे गिअर लवकर बदलावा लागतो. प्रत्येक गिअरबदलात क्षणभर शक्तीचा प्रवाह खंडित होतो, म्हणून मिळालेला लाभ अंशतः तेथेच खर्ची पडतो.

जमिनीने घातलेली मर्यादा

चाकावरील बल वाढले म्हणजे त्वरण वाढेलच असे नाही. सैल वाळूत घर्षणाची मर्यादा ओलांडली की चाक जागीच फिरते. पकड चांगली असेल तर दुसरी मर्यादा येते. त्वरण वाढता वाढता एका मूल्याला पुढील चाके जमीन सोडतात. मागील चाकाच्या जमिनीवरील स्पर्शबिंदूपासून गुरुत्वमध्याचे पुढील अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची, या गुणोत्तरास गुरुत्वत्वरणाने गुणले असता ते मूल्य मिळते. उदाहरणादाखल हे अंतर ५५ सेंटिमीटर व उंची ६० सेंटिमीटर मानल्यास मर्यादा सुमारे ९ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. चालक पुढे झुकल्यास ती वाढते, मागे रेलल्यास घटते. आखूड व उंच बांध्याच्या वाहनात ही केवळ गणिती बाब राहत नाही, कारण चढावर पुढील चाके उचलली गेल्यास वाहन चालकाच्या अंगावर उलटू शकते. पहिल्या गिअरमध्ये बल आधीच पुरेसे असल्यास गुणोत्तर वाढवून वेग नव्हे, तर धोका वाढतो. खरा लाभ प्रायः दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमध्ये दिसतो.

साखळीवरील परिणाम

वरील पहिला व दुसरा बदल गुणोत्तराच्या दृष्टीने जवळपास समान असले, तरी साखळीच्या दृष्टीने भिन्न आहेत. क्रीडा-एटीव्हीत सामान्यतः ५२० क्रमांकाची साखळी असते व तिच्या दोन पिनांतील अंतर १५.८७५ मिलिमीटर असते. त्यानुसार १५ दातांच्या स्प्रॉकेटचा परिणामी व्यास सुमारे ७६ मिलिमीटर, तर १४ दातांच्या स्प्रॉकेटचा सुमारे ७१ मिलिमीटर येतो. त्याच टॉर्कसाठी लहान स्प्रॉकेटवर साखळीचा ताण सुमारे ७ टक्के वाढतो. शिवाय दात कमी झाले की प्रत्येक कडी अधिक कोनातून वाकते व साखळीची गती अधिक धक्केयुक्त होते. वेगातील हा चढउतार १५ दातांवर सुमारे २.२ टक्के, तर १३ दातांवर सुमारे २.९ टक्के असतो. परिणामी झीज वाढते.

मागील स्प्रॉकेट मोठे केल्यास असा जादा ताण येत नाही. परंतु ४१ दातांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या ३८ दातांच्या तुलनेत सुमारे साडेसात मिलिमीटरने वाढते व तेवढे ते दगडधोंड्यांच्या जवळ येते. साखळीही अधिक लांब लागू शकते.

टायरचा व्यास हाही या गणिताचा छुपा घटक आहे. २० इंच व्यासाऐवजी १८ इंच व्यासाचा टायर बसविल्यास त्याच टॉर्कला जमिनीवरील बल सुमारे ११ टक्के वाढते. म्हणून टायर व स्प्रॉकेट यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून निवडीचे पुढील निकष निष्पन्न होतात. मार्गावरील सर्वांत लांब सरळ पट्ट्यात शेवटच्या गिअरमध्ये इंजिन कमाल फेऱ्यांना पोहोचत असेल, तर गुणोत्तर वाढवू नये. शेवटचा गिअर वापरातच येत नसेल, तर वेगातील घट सोसण्याजोगी असते व पुढील एक दात कमी करून पाहण्यास हरकत नाही. सुरुवातीलाच चाक घसरत असेल किंवा पुढील भाग उचलला जात असेल, तर उपाय स्प्रॉकेटमध्ये नसून टायर, बैठक व चालकाच्या कौशल्यात शोधावा. स्प्रॉकेटच्या बदलातून नवी शक्ती मिळत नाही, तर उपलब्ध शक्तीची विभागणी बदलते. कार्य, शक्ती, बल व घर्षण या पाठ्यपुस्तकी संकल्पना एकाच यंत्रात परस्परांना कशा मर्यादा घालतात, हे वर्गात स्पष्ट करण्यासाठीही हे उदाहरण उपयुक्त ठरावे.