जुना टेम्पो घेताना ताजे पासिंग नव्हे, मागची फाइल पाहा

धंदा थोडा वाढला, की व्यापाऱ्याच्या मनात पहिला विचार स्वतःच्या गाडीचा येतो. ट्रान्स्पोर्टवाल्याची वाट पाहायची, हमालीचा तकाजा ऐकायचा, सीझनमध्ये दुप्पट भाडे द्यायचे, यापेक्षा एक पिकअप दारात असलेला बरा. नव्या गाडीची किंमत ऐकली की माणूस जुन्याकडे वळतो. त्यात काही गैर नाही. माझ्याकडे आज जी गाडी आहे तीही जुनीच घेतलेली आहे. पण त्याआधी एकदा मी चांगलाच फसलो. कसा फसलो ते व्यापारी बंधूंना सांगावे, म्हणून हा लेख.

२०१६ साली मी सात वर्षे जुना एक पिकअप दोन लाख चाळीस हजारांना घेतला. रंग नवा होता, सीटवर प्लास्टिक तसेच होते. विकणाऱ्याने अभिमानाने कागद पुढे केला, “पासिंग अठरा दिवसांपूर्वीच झाले आहे, शेठ. आता वर्षभर बघायला नको.” मला तेवढे पुरले. कापड घेताना ताग्याची वरची घडी पाहून मी कधी सौदा केला नाही, चार घड्या आत जाऊन पाहतो. गाडी घेताना मात्र वरच्या घडीवरच भाव ठरवून मोकळा झालो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ईदच्या तोंडावर, मालेगावहून लुंगी आणि साड्यांचा माल भरून गाडी भिवंडीला निघाली. कसारा घाट उतरताना ब्रेकचे पेडल एकदम पोकळ झाले. ड्रायव्हर अनुभवी होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून त्याने ती डोंगराच्या बाजूला घासत उभी केली, म्हणून जीव वाचला. माल पावसात भिजला आणि उरलेला माझ्याकडे आला तेव्हा ईद होऊन गेली होती. त्या सीझनची उधारी मी पुढे दीड वर्ष फेडत होतो.

मेकॅनिकने चाके उघडली तेव्हा खरा प्रकार कळला. गाडी बरेच महिने एका जागी उभी होती. उभ्या गाडीच्या ब्रेक ऑइलमध्ये हवेतला ओलावा शिरत राहतो, चाकातल्या सिलिंडरला गंज धरतो, रबर कडक होते. कार्यालयाच्या आवारात वीसच्या वेगाने गाडी थांबवून दाखवायची असेल तर असे ब्रेक लागतात. पण भरलेली गाडी घाट उतरू लागली, की तेल तापते, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जाते. घरी येऊन मी डिकीतले जुने कागद प्रथमच नीट पाहिले. आधीचे पासिंग संपून अकरा महिने झाल्यावर नवे केलेले होते. कागद पहिल्या दिवसापासून माझ्याच हातात होता. मी वाचला नव्हता.

तेव्हा पासिंग म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर, वायपर वगैरे पाहून ते देतात. त्या दिवशी गाडी चालण्याजोगी होती, एवढेच ते सांगते. त्याच्या आदल्या महिन्यात ती कशी होती आणि पुढच्या महिन्यात कशी राहील, याची हमी त्यात नसते. पासिंगपुरते दुसऱ्याचे टायर चढवून संध्याकाळी काढून घेतल्याचे किस्से आपल्या बाजारात कमी नाहीत. म्हणून एका प्रमाणपत्राला मी आता फारशी किंमत देत नाही. ओळीने लावलेल्या सात-आठ प्रमाणपत्रांना मात्र फार देतो. त्यातून गाडीपेक्षा मालकाची सवय कळते.

ही गोष्ट मला नीट पटवली ती माझ्या भाच्याने. तो इंग्लंडमध्ये लेस्टरला तयार कपड्यांचा व्यवसाय करतो. तिथे १९६० पासून गाड्यांची एमओटी नावाची तपासणी आहे. छोटी व्हॅन तीन वर्षांची झाली की दरवर्षी ती करावी लागते. तिथली सोय अशी, की गाडीचा नंबर टाकला की मागच्या सगळ्या तपासण्या कोणालाही फुकट पाहता येतात. तारीख, त्या दिवशीचा मीटर, नापास झाली तर कशामुळे, आणि पास झाली तरी तपासनिसाने कोणता इशारा लिहिला, हे सगळे त्यात असते. भाच्यापुढे दोन व्हॅन होत्या. पहिली कधीच नापास झालेली नव्हती, पण खालच्या पत्र्याला गंज असल्याचा इशारा सलग चार वर्षे लिहिलेला होता आणि एका वर्षात ती जेमतेम चारशे मैल चालली होती. दुसरी दोनदा नापास झालेली, एकदा ब्रेकसाठी, एकदा सस्पेन्शनसाठी. दोन्ही वेळा दोन दिवसांत काम करून पास, मीटर दरवर्षी सारख्या चालीने पुढे गेलेला. त्याने दुसरी घेतली. मी फोनवर म्हणालो, “अरे, नापास झालेली कशाला घेतोस?” तो म्हणाला, “मामू, नापास झाली म्हणून मालकाने खर्च केला. पहिलीच्या मालकाने चार वर्षे सांगूनही केला नाही.”

आपल्याकडे अशी तयार यादी मिळत नाही. एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की नोंदणी, पासिंग, विमा, पीयूसी कधीपर्यंत आहे आणि बँकेचा बोजा आहे का, हे दिसते. ते जरूर पाहावे. पण ती आजची स्थिती झाली, मागचा हिशोब नव्हे. तो आपल्यालाच मांडावा लागतो. मी वहीच्या एका पानावर तारखांची ओळ मांडतो: पासिंगच्या तारखा, विम्याच्या तारखा आणि गॅरेजच्या बिलांवरचे किलोमीटर.

पासिंगच्या तारखा वाचताना नियम ठाऊक हवा, नाहीतर भल्या माणसावर उगाच संशय येतो. पूर्वी नव्या गाडीला पहिली दोन वर्षे सोडली तर दरवर्षी पासिंग होते. नोव्हेंबर २०१८ पासून गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी, असे झाले. म्हणजे २०१४ च्या गाडीत २०१८ नंतर दोन-दोन वर्षांचे अंतर दिसले तर ते बरोबर आहे. आणखी एक सवलत धरावी लागते. कोरोनाच्या काळात १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेले कागद सरकारने वेळोवेळी मुदत वाढवत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत ग्राह्य धरले होते. त्या काळातली खिंड मालकाच्या माथी मारू नये. बाकी कुठे सहा-आठ महिन्यांची खिंड दिसली, तर सरळ विचारावे, “या काळात गाडी कुठे होती?” अपघातात होती, हप्ते थकून बँकेने उचलली होती, की पासिंगशिवाय चालवत होते? उत्तर काहीही असो, ते गॅरेजच्या बिलाशी जुळले पाहिजे.

विम्याच्या जुन्या पॉलिसीत एक खूण असते, तिकडे आपल्या लोकांचे लक्ष जात नाही. पूर्ण विमा असेल तर क्लेम न घेतलेल्या वर्षांची सूट २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढत जाते. मध्येच ती शून्यावर आली, तर क्लेम झाला, मालक बदलला, किंवा विमा नव्वद दिवसांहून जास्त बंद राहिला, यापैकी काहीतरी घडलेले असते. आरसीवरच्या मालकाच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहिले की कोणते ते कळते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर ही खूण मिळणार नाही. पीयूसीच्या खिंडीला मी फारसे महत्त्व देत नाही. चांगले चांगले लोक ती काढायची विसरतात.

किलोमीटरसाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची बिले उत्तम. मालकाला सोबत नेले तर तिथून जुनी नोंद मिळू शकते. मीटर मागे गेलेला दिसला तर बोलणे तिथेच थांबवावे. मीटर एकाच जागी थांबलेला असेल तर गाडी उभी होती असे समजून चारही चाकांचे ब्रेक उघडून पाहण्याची अट घालावी. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ताज्या पासिंगच्या गाडीवर फार जुने टायर असतील, तर पासिंग कोणत्या टायरवर झाले हा प्रश्न उरतोच.

फाइलच हरवली म्हणणारे बरेच भेटतात. प्रत्येक जण खोटा असतो असे नाही. पण मग त्या गाडीला मी बिनफाइलीचाच भाव देतो आणि मेकॅनिकने सांगितलेला ब्रेक, क्लच, टायरचा खर्च त्यातून वजा करतो. विकणारा रागावला तर रागावू दे.

२०२२ साली घेतलेला आताचा पिकअप दिसायला अगदीच गरीब होता. मागचा पत्रा चेपलेला, रंग उडालेला. मालक फळांचा व्यापारी. त्याने एक जाड पिशवी पुढे केली, त्यात पहिल्या दिवसापासूनचे सगळे कागद होते. एका पासिंगच्या आदल्या आठवड्यात ब्रेक लायनर आणि मास्टर सिलिंडर बदलल्याचे बिल होते, रंगाचे एकही नव्हते. बाजारभावापेक्षा पंधरा हजार जास्त देऊन मी ती घेतली. त्याच आठवड्यात फॉर्म २९ आणि ३० भरून नावावर करून घेतली. बँकेचा बोजा होता, त्यासाठी फॉर्म ३५ वर बँकेची सही पैसे देण्याआधीच मागितली. ती पिशवी आता माझ्या गल्ल्याखाली असते. नवे बिल आले की ड्रायव्हर त्यावर किलोमीटर लिहून तिच्यात टाकतो.